एकाच कडीवरचे आकडे

माझ्या धाकट्या जावेने बँकेच्या संगणक विभागातली नोकरी सोडली, त्या दिवशी घरात कोणी काही बोलले नाही. आमच्या घरची रीत अशी की राग आला की माणसे बोलतात आणि काळजी वाटली की गप्प होतात. जेवणे इतकी शांततेत झाली की शेवटी भावजींनीच, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तोंड उघडले. एक वर्ष, ते म्हणाले. वर्षभरात तुझ्या त्या खिडकीला गिऱ्हाईक मिळाले तर उत्तम, नाहीतर जुन्या साहेबांना फोन करायचा. धाकटीने मान हलवली. ती हो म्हणताना आणि नाही म्हणताना मान जवळजवळ सारखीच हलवते, पण या वेळी तो होकार होता.

खिडकी म्हणजे काय, ते मला समजायला वेळ लागला. मी हवामान केंद्रात निरीक्षक आहे. तापमान, दाब, आर्द्रता आणि वारा यांपलीकडचे आकडे माझ्या हातात फारसे येत नाहीत. धाकटीने मला जे सांगितले ते असे. बँकेशिवाय चालणारा पैशांचा एक व्यवहार जगात आहे. तिथे ठेवी ठेवता येतात, कर्ज मिळते, एका चलनाचे दुसरे करून घेता येते. पण मॅनेजर नाही, कचेरी नाही, शिपाईसुद्धा नाही. नियम प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात आणि झालेला प्रत्येक व्यवहार हजारो संगणकांवर एकसारखा नोंदला जातो. दर थोड्या सेकंदांनी नव्या नोंदींची एक कडी तयार होते आणि आधीच्या कडीत अडकते. म्हणून ती साखळी. पाहायला कोणालाही मोकळी, पण वाचता येणारे थोडे.

पूर्वी हे वाचण्याचा खटाटोप माणसे करत. आता ती आपल्या एआय एजंटला सांगून मोकळी होतात: अमुक ठिकाणी ठेव ठेवू का, तिथल्या कर्जांना तारण पुरेसे आहे का, बघून सांग. एजंट हुशार असतो, पण त्याला साखळीच्या तोंडी दिले तर तो चाळणीने पाणी भरत बसतो. धाकटीची खिडकी म्हणजे मधला काउंटर. एजंटने प्रश्न विचारायचा, खिडकीने साखळीवरून आकडा वाचून त्याच्या हाती द्यायचा. सल्ला नाही, अंदाज नाही. आकडा.

माझ्या कामाच्या इतक्या जवळचे काम घरात दुसरे कोणी करील असे मला कधी वाटले नव्हते. मी तसे बोलून दाखवले नाही. माझे यजमान बोटीवर असतात, त्यामुळे घरातला माझा बराचसा सहवास धाकटीचाच. आणि आम्ही दोघी एकमेकींशी कमी बोलतो म्हणूनच आमचे पटते. जावाजावा आणि उभा दावा, अशी म्हण आहे. भावजींचे म्हणणे, आमच्या घरी दावा लावायलासुद्धा कोणी तोंड उघडत नाही.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिचे काम चाले. खोलीच्या खऱ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे. एका उलट्या खोक्यावर दोन संगणक एकावर एक ठेवलेले होते आणि त्यांच्या मागून येणाऱ्या गरम हवेत भावजी आपले मोजे वाळवत. नोकरी सोडल्याचा एवढाच फायदा आपल्या पदरात पडला, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

तिचा भागीदार भावजींचाच जुना मित्र. काम चांगले चालले की तो नकळत गुणगुणतो, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणतात. जिना चढतानाच मला कळे, आज वर काय परिस्थिती आहे. खिडकी जलद चालवण्याचे सगळे श्रेय भुंग्याचे. प्रश्न आला रे आला की उत्तर गेले पाहिजे, हा त्याचा ध्यास. जे आकडे भराभर बदलतात, म्हणजे भाव, ते तो प्रत्येक कडीबरोबर ताजे घेई. जे सावकाश बदलतात आणि वाचायला जड असतात, म्हणजे कोणाचे किती तारण ठेवलेले आहे वगैरे, ते एकदा वाचून हाताशी ठेवी आणि थोड्या थोड्या वेळाने बदली. त्यात गैर काही नव्हते. त्या धंद्यातले सगळे असेच करतात.

खिडकीची परीक्षा घ्यायला त्यांनी स्वतःचाही एक एजंट ठेवला होता. त्याचे नाव भोचक. तो दिवसभर खिडकीला नको नको ते विचारी आणि आपले निष्कर्ष लिहून ठेवी. धाकटीचा नेम असा की रोज सकाळी त्यातला कुठलाही एक निष्कर्ष उचलायचा आणि सगळे गणित साखळीवरून स्वतः, पहिल्यापासून करून बघायचे. भुंगा तिला हसे. हजार उत्तरांतले एक तपासून काय होणार, हे म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी काढण्यासारखे, असे तो म्हणे. समुद्र खारट आहे हे तांब्याभर पाण्यातच कळते, असे मी एकदा म्हटले, तेव्हा तो थोडा वेळ गुणगुणायचा थांबला.

वर्ष संपत आले होते. एका मोठ्या कंपनीने, जिचे एजंट हजारो लोकांना सल्ला देतात, आपल्यासाठी अशी एखादी खिडकी निवडायची ठरवले होते. तीन जणांना चाचणीला बोलावले, त्यांत आमचे नाव होते. भावजींनी जुन्या साहेबांना फोन केला नव्हता, पण नंबर शोधून ठेवला होता. हे धाकटीला माहीत होते.

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, मी चहा घेऊन वर गेले तर जिन्यात गुणगुण नव्हती. भोचकने लिहिले होते की अमुक एका मोठ्या कर्जाचे तारण अपुरे पडले आहे, ठेवीदारांनी ठेव काढून घ्यावी. धाकटीने उचललेला निष्कर्ष नेमका तो होता. तिने गणित केले. तारण पुरेसे होते. पुन्हा केले, मागच्या कड्या एकेक करून पाहिल्या. तारण कधीच अपुरे पडले नव्हते.

झाले होते असे: तारणाचा भाव घसरत होता. कर्जदार सावध होता, त्याने वेळीच आणखी तारण टाकले. आधीच्या कडीवर भाव चढा आणि तारण थोडे, पुरेसे. नंतरच्या कडीवर भाव उतरलेला आणि तारण जास्त, तेही पुरेसे. खिडकीने भाव ताजा दिला, नंतरच्या कडीवरचा. तारणाचा आकडा दिला तो हाताशी ठेवलेला, आधीच्या कडीवरचा. उतरलेला भाव आणि थोडे तारण. दोन्ही आकडे खरे होते, फक्त त्या दोघांची कधी गाठच पडली नव्हती.

“माणसाच्या लक्षात आलं असतं,” भुंगा म्हणाला. “माणूस दोन मिनिटांनी परत बघतो.”

“आपलं गिऱ्हाईक माणूस नाही,” धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी चष्मा घरी विसरले. तो द्यायला ती केंद्रावर आली तेव्हा माझी निरीक्षणाची वेळ झाली होती, म्हणून तीही माझ्याबरोबर मोकळ्या मैदानात आली. झडपांच्या पांढऱ्या पेटीचे दार उघडून मी तापमापी वाचली. मी आधी अंशाचा दहावा भाग वाचते आणि मग पूर्ण अंश, हे तिने पाहिले. असे उलटे का, तिने विचारले. मी सांगितले की दार उघडले की माझ्या अंगाची आणि श्वासाची ऊब आत जाते. पूर्ण अंश काही लगेच हलत नाही, पण दहावा भाग हलतो. म्हणून जो आधी बिघडणार तो आधी टिपायचा. ही वेळही मी माझ्या सोयीने ठरवलेली नाही, हेही सांगितले. या घटकेला पृथ्वीवरची सगळी केंद्रे वाचन घेत असतात. आम्ही दहाला आणि दुसऱ्यांनी अकराला वाचले, तर त्या आकड्यांवरून काढलेला नकाशा कुठल्याच क्षणाचा नसतो.

घरी परतताना मी मनातून बरीच फुगले होते. माझ्या तापमापीने तिचा प्रश्न सुटला, अशी माझी समजूत झाली होती. रात्री भांडी आवरताना मी तसे सुचवूनही पाहिले: जे लवकर बदलते ते आधी वाचायचे, इतकेच तर करायचे.

“त्यानं चूक कमी होईल, वहिनी,” ती म्हणाली. “मला ती व्हायलाच नको आहे.”

मग तिने मला जे सांगितले ते ऐकून मला तिचा चक्क हेवा वाटला. साखळीला विचारता येते की अमुक कडीवर काय होते. आत्ताचे नाही, तेव्हाचे. कडी निघून गेली तरी ती जशीच्या तशी तिथे असते. मी ठरल्या वेळी तापमापीपाशी पोहोचले नाही, तर तो क्षण गेला. पुढे कितीही हुशार माणूस जन्माला आला तरी त्याला तो परत वाचता येणार नाही. आमची सगळी शिस्त त्या एका भीतीतून आलेली आहे. तिच्याकडे ती भीती नव्हती. प्रश्न आला की एक कडी धरायची आणि त्या प्रश्नाला लागणारे सगळे आकडे, हलके असोत की जड, त्याच कडीवर जाऊन वाचायचे. उत्तरासोबत त्या कडीचा क्रमांक द्यायचा. जो आकडा त्या कडीवर वाचता आला नाही, तो नाही म्हणून सांगायचे.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. असे केले की खिडकी संथ होत होती. भुंग्याने वर्षभर घासूनपुसून आणलेला वेग एका फटक्यात जात होता, आणि चाचणीत वेगाला गुण होते.

त्या दोघांचे भांडण मी जिन्यात उभी राहून ऐकले. खरे म्हणजे भांडण एकट्या भुंग्याचेच होते. दुकान संथ आहे असे दिसले तर गिऱ्हाईक माल कसा आहे ते बघायला थांबत नाही. निदान चाचणीपुरते जुने ठेवू, निवड झाली की तुझे नवे लावू. आपल्यापुढे मोठमोठ्या कंपन्या आहेत, आणि बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते. तू तर त्यांच्यासमोर चार वाक्येसुद्धा धड बोलणार नाहीस. निदान खिडकी तरी चटपटीत असू दे.

“आता मला माहीत आहे की ते चुकतं,” धाकटी म्हणाली. “परवापर्यंत माहीत नव्हतं. परवापर्यंत ठेवलं असतं.”

भुंगा खाली आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. ही बाई कर्जबुडव्यालासुद्धा शिस्त लावील, असे म्हणाला आणि कडेच्या दुकानातून बिस्किटांचा पुडा घेऊन परत वर गेला. त्यानंतर चाचणीच्या दिवसापर्यंत तो त्या संथ खिडकीतून सेकंदाचा एकेक तुकडा वाचवत बसला. जड वाचने एकामागून एक न घेता एकाच वेळी घ्यायची युक्ती त्याचीच. तरीही ती जुन्या खिडकीच्या मानाने रखडतच होती.

चाचणीला प्रत्येकाने तीन माणसे आणायची होती. आमच्याकडे दोनच. तिसरी खुर्ची रिकामी बरी दिसत नाही म्हणून भुंग्याने मला नेले. विचारले तर सांगा, आमच्या मापन विभागाच्या प्रमुख, असे त्याने मला बजावले. मी खोटे बोलणार नाही म्हटल्यावर म्हणाला, खोटे कुठे, तुम्ही मापनच करता ना?

एका उंच इमारतीतली गालिच्याची खोली होती. समोर मोठा पडदा. आमच्या डाव्या हाताला एकसारख्या निळ्या शर्टांतली तीन माणसे बसली होती, पलीकडे आणखी एक कंपनी. परीक्षक म्हणून कंपनीच्या एक बाई होत्या, केस पांढरे आणि अगदी बारीक कापलेले. त्यांनी पद्धत सांगितली. कंपनीचा एजंट तिन्ही खिडक्यांवर तीच ती कामे घेऊन जाईल. त्याचा प्रत्येक प्रश्न आणि मिळालेले उत्तर पडद्यावर दिसेल. शेजारी घड्याळ.

काम सुरू झाले आणि पहिल्या काही मिनिटांतच आमचे काही खरे नाही असे दिसू लागले. निळ्या शर्टांच्या खिडकीतून उत्तर पडद्यावर असे येई की जणू प्रश्नाआधीच तयार होते. आमच्या रकान्यात प्रश्न एकटाच उभा राही. आता येईल, आता येईल म्हणता म्हणता उत्तर येई, खाली कडीचा क्रमांक, आणि तोवर शेजारी तीन उत्तरे होऊन गेलेली असत. भुंग्याने गुडघ्यावर बोटे आवळून धरली होती. एका कामात तर आमच्या खिडकीने सरळ सांगितले की हा आकडा या कडीवर वाचता आला नाही. एजंटने तसे आपल्या अहवालात लिहिले आणि त्या कामापुढे पडद्यावर ‘अपूर्ण’ अशी खूण उमटली. निळ्या शर्टांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

धाकटी पडद्याकडे पाहत होती. हात मांडीवर, पाठ ताठ. वर्षभराचा निकाल समोर लागत असताना ती कसे बसेल, असा विचार मी आदल्या दिवशी केला होता. ती रोज सकाळी भोचकचे गणित तपासताना बसते तशीच बसली होती.

फरक मला आधी कळला नाही. बाकीच्यांना रांगेतले आकडे दिसत होते, मला रांगेची लांबी दिसली. कामे अवघड होत गेली तशी निळ्या शर्टांच्या रकान्यातली प्रश्नांची रांग लांबत चालली. एजंट त्यांना ठेव विचारी, कर्ज विचारी, मग दोन्हींचा मेळ घालून बघी. मेळ बसत नसे. म्हणून तो पुन्हा विचारी. या वेळी उत्तर थोडे निराळे येई, कारण मधल्या वेळात एक आकडा ताजा झालेला असे आणि दुसरा नाही. एजंट बिचारा प्रामाणिक. तो तिसऱ्यांदा विचारी. उत्तरे विजेसारखी येत होती आणि काम जागचे हलत नव्हते. तिसऱ्या कंपनीचेही तेच.

आमच्याकडे तो एकदा विचारी. थांबे. सगळे आकडे एका कडीवरचे मिळत, मेळ पहिल्या फटक्यात बसे आणि तो पुढच्या कामाला लागे.

तेवढ्यात माझ्या कानाशी गुणगुण सुरू झाली. भुंग्याने माझा हात दाबला आणि पडद्याच्या अगदी तळाशी बोट दाखवले. कामे पुरी करण्यात आम्ही सर्वांच्या पुढे होतो. असे होईल हे त्यालाही ठाऊक नव्हते, धाकटीलाही नाही. त्या दोघांनी एका उत्तराला किती वेळ लागतो ते शेकडो वेळा मोजले होते; विचारणाऱ्याचे समाधान व्हायला किती वेळ लागतो, हे मोजायचे कोणाला सुचले नव्हते.

काम आटोपल्यावर परीक्षक बाई सरळ आमच्या टेबलापाशी आल्या. त्यांनी त्या अपूर्ण कामाचे विचारले.

“हा आकडा तुमच्याकडे अजिबातच नव्हता?”

“होता,” धाकटी म्हणाली. “शेजारच्या कडीवरचा.”

“मग तो का नाही दिला? खूण तरी बसली नसती.”

“तो त्या कडीवरचा होता.”

भुंगा पुढे काहीतरी बोलू पाहत होता; मी त्याच्या पायावर पाय दिला. बाईंनी क्षणभर वाट पाहिली. धाकटीला आणखी काही सांगायचे नाही हे त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि विचारले की हा कडीचा क्रमांक त्यांच्या एजंटाच्या प्रत्येक सल्ल्याखाली छापता येईल का, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला तो आकडा स्वतः जाऊन वाचता येईल. धाकटी म्हणाली, येईल. कधीपासून, बाईंनी विचारले. धाकटी म्हणाली, आत्ता छापूनच येतो आहे. मग बाई हसल्या आणि त्यांनी माझ्याकडे वळून, आपण कोण, असे विचारले.

मी सांगितले की मी हवामान निरीक्षक आहे आणि ही माझी जाऊ आहे. हे वाक्य मी पूर्वी कितीदा तरी उच्चारले असेल. त्या दिवशी त्याचा उत्तरार्ध मी आधी म्हणायला हवा होता.

कंपनीचा होकार चार दिवसांनी लेखी आला. तो वाचून भावजींनी आपल्या फोनमधला जुन्या साहेबांचा नंबर आमच्यासमोर काढून टाकला आणि विचारले की मोजे वाळवायला तरी येऊ देणार ना वर. येऊ देऊ, धाकटी म्हणाली, पण धुऊन आणायचे.

मी वाढवून बोलणारी बाई नाही. ते माझ्या पेशात बसत नाही. पण दुसऱ्या दिवशी केंद्रावर मी वाचन घेतले, आधी दहावा भाग, मग अंश, दार लावले, आणि शेजारच्या टेबलावरच्या निरीक्षकाला त्याने काही विचारले नसताना सगळी हकीकत सांगितली. जेवणाच्या सुट्टीत फुगा सोडणाऱ्या तंत्रज्ञाला सांगितली. त्याला कड्या आणि साखळ्या काही कळल्या नाहीत. त्याने एवढेच विचारले की तुमच्या जावेला तुम्ही काय काय शिकवलेत.

“काही नाही,” मी म्हटले. “मी तिला चूक कमी कशी करायची ते सांगत होते.”